‘तसलं काही नाही ना?’

आमच्या जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांमध्ये मी गेली काही वर्षे एका दिवसाचे प्रशिक्षण घेते. समोर वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई असतात आणि विषय एकच असतो: ज्याच्या मनात आत्महत्येचे विचार येत असतील अशा रुग्णाशी बोलायचे कसे. सकाळचा चहा झाला की एकही स्लाइड दाखवण्यापूर्वी मी सगळ्यांना दोघादोघांच्या जोड्या करायला सांगते. एकाने रुग्ण व्हायचे आणि दुसऱ्याने तपासणारा. रुग्णाला झोप लागत नाही, जेवण जात नाही, दोन महिने डोके दुखते आहे आणि रक्ताचे सगळे रिपोर्ट चांगले आले आहेत. आता तपासणाऱ्याने त्याला आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारायचे आहे. सूचना एवढीच असते.

सभागृहात पाच मिनिटे कुजबुज चालते आणि मी जोड्यांमधून फिरत ऐकत राहते. जवळजवळ दरवेळी कानावर पडणारा प्रश्न असा असतो: "मनात तसलं काही नाही ना?" कुणी विचारते, "वाईटसाईट विचार तर येत नाहीत ना?" एखाद्या ज्येष्ठ सिस्टर मायेने म्हणतात, "जिवाचं बरंवाईट करायचं नाही हं, लेकरांकडं बघायचं." यातले कुणीही निष्काळजी नसते, उलट ज्यांना रुग्णाची जास्त काळजी वाटते त्यांच्याच तोंडून हे वाक्य सर्वांत हळुवारपणे येते. पण आपल्या बोलण्याच्या रिवाजात वाक्याच्या शेवटी ‘नाही ना’ आले की समोरच्याने ‘नाही’ म्हणायचे असते. "यायला त्रास तर झाला नाही ना?" असे यजमानाने विचारले की तीन ठिकाणी एसटी बदलून आलेला पाहुणाही "छे, छे" म्हणतो. रुग्णही तेच करतो. आपण त्याला प्रश्न विचारलेलाच नसतो, आपल्याला हवे असलेले उत्तर त्याच्या हाती दिलेले असते.

हे मला पुस्तकातून कळले नाही. एमबीबीएसनंतर बंधपत्राच्या, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेसाठी मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. तिथे तिशीतली एक बाई तीन आठवड्यांत तीनदा आली. (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) एकदा डोके दुखते म्हणून, एकदा पित्त उसळते म्हणून आणि तिसऱ्यांदा, "अंगात जीवच राहिला नाही, डॉक्टर" म्हणून. तिसऱ्या वेळी माझ्या मनात शंका आली. बाहेर रांग होती, मी केसपेपरवर गोळ्या लिहीत होते आणि लिहिता लिहिताच, मान वर न करता, विचारले, "टेन्शन आहे का काही? तसलं काही नाही ना मनात?" ती "नाही" म्हणाली. दहा दिवसांनी तिला जीपमधून आणले. वेळेत आणल्यामुळे आणि जिल्हा रुग्णालयात पुढचे उपचार मिळाल्यामुळे ती वाचली. महिनाभराने ती भेटायला आली तेव्हा मी तिला विचारले, "ताई, त्या दिवशी मला का नाही सांगितलंत?" तिच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना डॉक्टर, तसलं काही नाही ना म्हणून. मग मी काय सांगणार?"

मी पुढे मानसोपचाराकडे वळले त्यामागे इतरही कारणे होती, पण प्रशिक्षण घ्यायला लागले ते या एका वाक्यामुळे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ लोकांचा आत्महत्येने मृत्यू झाला आणि त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातले होते. राज्यांमध्ये हा आकडा सर्वांत मोठा होता. आपल्याकडे हा विषय निघाला की शेतकऱ्याचेच चित्र डोळ्यांपुढे येते आणि ते खोटे नाही. त्या वर्षी देशभरात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची नोंद आहे. पण त्याच अहवालात रोजंदारीवर काम करणारे आणि गृहिणी यांची संख्या याच्या कितीतरी पुढे आहे. ही माणसे मानसोपचारतज्ज्ञाकडे येत नाहीत. ती येतात झोपेच्या गोळीसाठी, पाठदुखीसाठी, अशक्तपणाची सलाईन लावून घ्यायला. म्हणजे उपकेंद्रावर आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत. बहुतांशी पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांचा एक आढावा २००२ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात आत्महत्येने गेलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के लोक मृत्यूच्या आधीच्या महिन्याभरात आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते, आणि मानसोपचार सेवेकडे गेलेले मात्र सुमारे २० टक्केच होते. आपल्या खेड्यांत मानसोपचाराची सोय त्या देशांपेक्षा कितीतरी विरळ आहे. त्यामुळे हा प्रश्न मी विचारण्याने फारसे काही साधत नाही, तो माझ्यासमोर बसलेल्यांनी विचारायला हवा.

पहिली हरकत ठरलेली असते. "मॅडम, विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार यायचा." ही भीती मी हसून उडवून लावत नाही, कारण ती रुग्णाबद्दलच्या काळजीतूनच आलेली असते. पण तिची तपासणी झालेली आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमध्ये दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर एक अभ्यास झाला आणि तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न विचारले होते आणि काहींना नव्हते. ज्यांना विचारले त्यांचा ताण वाढला नाही, आणि जी मुले आधीच धोक्यात होती त्यांना तर विचारल्यामुळे थोडे हलकेच वाटल्याचे दिसले. पुढे २०१४ मध्ये अशा तेरा अभ्यासांचा आढावा घेतला गेला, त्याचाही निष्कर्ष हाच निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टर-परिचारिकांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत तर ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगितलेली आहे.

तरीही एवढे सांगितल्यावर खोलीतली चुळबुळ थांबत नाही, कारण खरी भीती निराळी असते आणि ती दुपारनंतर बाहेर येते. एका केंद्रावरच्या तरुण डॉक्टरांनी ती सरळ बोलून दाखवली होती. "ओपीडीत ऐंशी पेशंट असतात. मी विचारलं आणि ती ‘हो’ म्हणाली, तर पुढं मी काय करायचं?" या प्रामाणिकपणाबद्दल मी त्यांचे आभार मानले. आम्ही डॉक्टर ‘नाही ना’ म्हणतो ते ‘हो’ ऐकण्याची तयारी नसते म्हणून. एमबीबीएसला मानसोपचाराचा स्वतंत्र पेपर नसतो. छातीत कळ आलेल्या माणसाचे काय करायचे हे आमच्या हातांना शिकवलेले असते, पण "जगावंसं वाटत नाही" म्हणणाऱ्यासमोर हात रिकामे पडतात. म्हणून माझ्या दिवसातला सर्वांत मोठा भाग ‘हो’ नंतरच्या दहा मिनिटांचा असतो.

त्याआधी शब्दांची उजळणी होते. रुग्ण ‘आत्महत्या’ हा शब्द क्वचितच वापरतो. त्या शब्दात ‘हत्या’ आहे आणि तो पोलीस पंचनाम्याचा वाटतो. आमच्या भागात माणसे म्हणतात, "जीव नकोसा झालाय," "आता देवानं उचलावं," "जगण्यात राम राहिला नाही," "कुठंतरी निघून जावंसं वाटतं," "माझ्या माघारी यांचं नीट होईल." म्हातारी माणसे "आता माझं काय राहिलंय" म्हणतात आणि घरच्यांना ते वयाचे बोलणे वाटते. हे शब्द ऐकू आले की तिथेच थांबायचे आणि त्याच शब्दांना धरून पुढे जायचे: "ताई, तुम्ही म्हणालात जीव नकोसा झालाय. इतका त्रास झाला की कधी कधी माणसाच्या मनात जीव द्यायचा विचार येतो. तुमच्या मनात येतो का?" शेवटी ‘का’ आहे, ‘नाही ना’ नाही. प्रश्न विचारताना पेन खाली ठेवायचे आणि मग गप्प राहायचे. ही शांतता शिकवायला सर्वांत अवघड जाते. आठ-दहा सेकंदही आम्हाला सोसत नाहीत. आम्ही लगेच दुसरा प्रश्न टाकतो आणि रुग्णाला त्या पहिल्या प्रश्नातून सोडवतो.

एका परिचारिकेला ‘जीव द्यायचा विचार’ हे तीन शब्द चार वेळा प्रयत्न करूनही उच्चारता आले नव्हते. वॉर्डमध्ये पंचवीस वर्षे काढलेली ती बाई, ‘जीव’ म्हणून थांबायची, पदर सारखा करायची आणि पुन्हा सुरुवात करायची. पाचव्या वेळी वाक्य पूर्ण झाले, आणि समोर रुग्ण होऊन बसलेल्या आशाताईंच्या डोळ्यांत पाणी आले. स्लाइडने हे साधत नाही. तोंडाला ज्या शब्दाची सवय नाही तो ऐन वेळी बाहेर येत नाही, म्हणून तो आधी मोठ्याने म्हणून बघावा लागतो, तोही कुणाच्या तरी डोळ्यांत बघून.

दुसरी अडचण एकांताची असते. बाईसोबत सासू असते, तरुण मुलासोबत वडील असतात, आणि उत्तरे तेच देतात. इथे मी आशाताईंकडूनच शिकले. एकीने सांगितले, "मी सासूबाईंना म्हणते, केसपेपरवर शिक्का मारून आणा, तोवर मी हिचं बीपी बघते." बीपीचा पट्टा बांधताना हातात हात असतो, चेहरा जवळ असतो आणि आवाज आपोआप खाली येतो. त्या दोन मिनिटांत जे विचारता येते ते टेबलापलीकडून विचारता येत नाही. आता हा सल्ला मी प्रत्येक ठिकाणी देते.

मग ‘हो’ येते. पहिले काम म्हणजे दचकायचे नाही, आणि दुसरे, शपथ घालायची नाही. "लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांग, परत असला विचार करणार नाहीस," हे आपल्याकडे घरीही होते आणि दवाखान्यातही. हेतू चांगला असतो, पण शपथ घेतलेल्या माणसाची पुढच्या वेळी सांगायची वाट बंद होते, कारण आता विचार येणे म्हणजे शपथ मोडणे. त्याऐवजी विचारायचे की हे विचार कधीपासून येतात, रोज येतात की अधूनमधून, "मेलो असतो तर बरं झालं असतं" एवढ्यावर थांबतात की काही ठरवलेले आहे, याआधी कधी असा प्रयत्न झाला होता का, घरी आज सोबत कोण आहे, आणि आजवर कशाने थांबवले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा बोलता बोलता सापडते. हे कुणालाही सांगणार नाही असे वचन मात्र द्यायचे नाही. जिवाला धोका असेल तर कुणाला सांगावे लागेल आणि कुणाला सांगितलेले त्याला चालेल, हे त्याच्याशीच बोलून ठरवायचे.

घरात फवारणीची औषधे कुठे ठेवली आहेत हेही विचारायचे, आणि ती काही काळ शेजारी किंवा भावाकडे कुलपात ठेवायला घरच्यांना सांगायचे. आत्महत्येच्या विचारांची लाट पुष्कळदा थोड्या वेळाने ओसरते, आणि तेवढा वेळ हाताशी काही नसले तर माणूस वाचू शकतो. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तिथला आत्महत्येचा दर दोन दशकांत सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आला. सरकारने जे देशभर केले ते एका घरापुरते आशाताई करू शकते.

यानंतर एका कागदावर रुग्णाच्याच शब्दांत लिहून घ्यायचे: विचार येऊ लागले हे मला कशावरून कळते, तेव्हा मी काय करतो, कुणापाशी जाऊन बसतो, कुणाला फोन करतो. शेवटी दवाखान्याचा नंबर आणि चोवीस तास चालणाऱ्या टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, ज्यावर मराठीतही बोलता येते. हा कागद लिहिणे आणि नंतर फोन करत राहणे याचा अभ्यास अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये झाला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाताकडे झुकणारे वर्तन नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसले. पण मला अधिक जवळचा वाटतो तो जागतिक आरोग्य संघटनेचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास, कारण पाच देशांतल्या त्या पाच ठिकाणांपैकी एक आपले चेन्नई होते. प्रयत्नातून वाचून रुग्णालयात आलेले १,८६७ लोक त्यात होते. एका गटाशी घरी जाण्यापूर्वी तासभर नीट बोलले गेले आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा, फोनवर किंवा भेटून, त्यांची चौकशी केली गेली. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दीड वर्षाने पहिल्या गटात आत्महत्येने ०.२ टक्के लोक गेले होते आणि दुसऱ्यात २.२ टक्के. यात कुठलेही महागडे यंत्र किंवा औषध नव्हते. कुणीतरी फोन करून "कशा आहात?" विचारत होते.

आमच्या वॉर्डांमध्ये प्रयत्नातून वाचलेल्यांना काय ऐकायला मिळते, हे लिहिताना मला लाज वाटते. "आमच्या डोक्याला ताप," "नाटकं करायची होती तर घरी करायची," "आता पोलीस येतील, मग कळेल." दमलेल्या, रात्रपाळीत एकट्या पडलेल्या माणसांच्या तोंडून हे निघते हे मला माहीत आहे, पण आधी प्रयत्न केलेला माणूस हा सर्वांत जास्त धोक्यातला असतो आणि त्याच्या पुढच्या दिवसांची सुरुवात या वाक्यांनी होते. पोलिसांच्या धाकाबद्दल तर कायदाच बदललेला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे ११५ वे कलम सांगते की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिला शिक्षा न करता सरकारने तिच्या उपचारांची आणि पुनर्वसनाची जबाबदारी घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारे जुन्या दंड विधानाचे ३०९ वे कलम घेतलेलेच नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरती वेगळी तरतूद आहे. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची, नोंद करावी लागते, ती करावी. पण नोंद म्हणजे धमकी नव्हे, हे मी प्रत्येक वर्गात दोनदा सांगते.

डॉक्टर नसलेल्या माणसांना हे जमेल का, असा प्रश्न वरिष्ठ कार्यालयांतून विचारला जातो. विदर्भात त्याचे उत्तर मिळालेले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला, गोव्याची ‘संगथ’ ही संस्था त्यात होती आणि गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर जाऊन बोलत होते. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि मागच्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी दुसरी गावे घेतलेली नव्हती, ही त्या अभ्यासाची मर्यादा आहे. तरीही दहावी-बारावी शिकलेल्या गावच्या माणसाला हे बोलणे जमते, एवढे त्यातून नक्की दिसते.

माझी तक्रार आहे ती प्रशिक्षणाच्या पद्धतीबद्दल. वर्षातून एकदा सभागृह भरते, हजेरीपत्रकावर सह्या होतात, गटफोटो निघतो आणि अहवाल वर जातो. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९८३-८४ मध्ये तिथल्या डॉक्टरांना नैराश्य ओळखण्याचे प्रशिक्षण दिले होते. पुढच्या एक-दोन वर्षांत बेटावरच्या आत्महत्या ठळकपणे कमी झाल्या, आणि १९८८ पर्यंत, प्रशिक्षण थांबल्यावर आणि शिकलेल्यांपैकी निम्मे डॉक्टर बेट सोडून गेल्यावर, आकडा पुन्हा जवळजवळ पूर्वीच्या जागी आला. आमच्याकडे तर बंधपत्राचा डॉक्टर वर्षभरात जातो. म्हणून मी आता एकच मोठा दिवस घेण्याऐवजी दर तीन महिन्यांनी दोन तास मागते, त्यात स्लाइड जवळजवळ नसतात आणि प्रत्येकाने मधल्या काळात विचारलेला एक खरा प्रश्न घेऊन यायचे असते.

जेवणाच्या सुट्टीत एखादी व्यक्ती हमखास रेंगाळते. कधी भावाबद्दल बोलायचे असते, कधी स्वतःबद्दल. रोज दुसऱ्यांचे ऐकणाऱ्या या माणसांना कुणी विचारलेले नसते. त्यामुळे दुपारच्या सत्राच्या वेळापत्रकात मी अर्धा तास मोकळाच ठेवते आणि त्याचे कारण कुणाला सांगत नाही.

मागच्या पावसाळ्यात एका उपकेंद्रावरून समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचा फोन आला. आवाज इतका खालचा होता की आधी मला शब्दच कळेनात. "मॅडम, विचारलं. तसंच विचारलं, ‘का’ लावून. हो म्हणाले. बाहेर बाकावर बसलेत, आशाताई सोबत आहेत, चहा सांगितलाय. आता पुढं काय विचारू?" मी म्हटले, "आधी चहा होऊ द्या, तुम्हीही सोबत घ्या. मग विचारा, घरी कुणाला बोलवू." पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन आला. धाकटा भाऊ तालुक्याला कामाला होता, संध्याकाळच्या गाडीने यायला निघाला होता. उपकेंद्र पाचला बंद होते. त्या दिवशी ते साडेसातपर्यंत उघडे राहिले.